शॉर्टफिल्म ऑनलाइन टाकताना कॉपीराइट आडवा येतोय? या क्रमाने तपासा

मी एडिटिंग करतो. हौसेने, पदरमोड करून केलेल्या शॉर्टफिल्म, एकांकिकांची शूटिंग, गावावरचे माहितीपट असं काम माझ्याकडे येतं. फिल्म हातात दिल्यावर थोड्याच दिवसांत फोन येतो, आणि तक्रार बहुतेक वेळा खालच्यापैकीच एक असते.

लक्षणं

- फिल्म यूट्यूबवर चढवली आणि लगेच 'कॉपीराइट क्लेम'चा ईमेल आला.
- फिल्म दिसतेय, पण तिच्यावर जाहिराती लागल्यात आणि पैसे भलत्याच कंपनीला जातायत. किंवा इथे दिसते, दुबईतल्या मावशीला दिसत नाही.
- इन्स्टाग्रामवर टाकलेल्या तुकड्याचा आवाजच गायब.
- फिल्म काढून टाकली गेली आणि ईमेलमध्ये 'स्ट्राइक' हा शब्द आहे.
- दुसऱ्याच चॅनलवर आपली फिल्म, शेवटची श्रेयनामावली कापून.
- स्वतःच्याच फिल्मवर दुसऱ्याचा क्लेम.
- महोत्सवाने कळवलं की फिल्म आधीच सार्वजनिक झाली आहे, घेता येणार नाही.
- फिल्म पूर्ण होऊन कधीची हार्डडिस्कमध्ये पडून आहे, कारण 'कोणी ढापली तर?'

शेवटचं लक्षण मी सगळ्यात गंभीर मानतो. नवख्या माणसाची फिल्म चोरीला जाण्यापेक्षा कोणी न बघितल्यामुळे वाया जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आणि माझ्यासमोर आलेल्या भानगडींत बहुतेक वेळा दोष बाहेरच्या चोरात नव्हता. फिल्मच्या आत कुणाचं तरी गाणं, कुणाची तरी कथा परवानगीशिवाय बसलेली होती. म्हणून तपासणी आतून बाहेर करायची. आधी फुकटात होणारी, मग कागदांची, मग खर्चाची.

१. ईमेल पूर्ण वाचा: क्लेम आहे की स्ट्राइक?

पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. तरी घाबरून लोक हेच करत नाहीत आणि थेट व्हिडिओ डिलीट करतात.

क्लेम म्हणजे यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेने लावलेली जुळणी. म्युझिक कंपन्या आणि निर्मात्यांनी आपला माल तिथे जमा केलेला असतो, त्याच्याशी तुमच्या फिल्मचा आवाज आणि चित्र ताडून पाहिलं जातं. जुळलं तर काय करायचं हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं: नुसती नोंद ठेवायची, जाहिरातीचं उत्पन्न घ्यायचं किंवा व्हिडिओ अडवायचा. हा निर्णय प्रत्येक देशासाठी वेगळा असू शकतो, मावशीची अडचण तिथून येते. क्लेमने चॅनलला सहसा धोका नसतो.

स्ट्राइकचं तसं नाही. हक्कदाराने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक लागतो. ९० दिवसांच्या आत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकतं, त्यावरच्या बाकीच्या सगळ्या व्हिडिओंसकट. पहिला स्ट्राइक असेल तर यूट्यूबचं 'कॉपीराइट स्कूल' पूर्ण करा, मग तो ९० दिवसांनी उतरतो. व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. क्लेमच्या बाबतीत डिलीट केलंत तर आलेले व्ह्यूज, कमेंट आणि सगळीकडे पाठवलेली लिंक मात्र जाते.

२. नेमका कोणता तुकडा जुळला ते ऐका

यूट्यूब स्टुडिओमध्ये क्लेमचा तपशील उघडला की मिनिट-सेकंद दिसतात. हेडफोन लावून तेवढा भाग पुन्हापुन्हा ऐका. एका फिल्ममध्ये एसटी स्टँडवरचा प्रसंग होता. मुलगी बाकावर बसली आहे, संवाद नाही, आणि मागे चहाच्या टपरीवरच्या रेडिओवर जुनं हिंदी गाणं वाजतंय. दिग्दर्शक सांगत होता की फिल्ममध्ये गाणंच नाही. त्याच्या लेखी तो स्टँडचा आवाज होता, यंत्रणेच्या लेखी ते रेकॉर्डिंग होतं. गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे, वरातीतला बँड, दृश्यात चालू असलेला टीव्ही, पात्राची रिंगटोन या सगळ्यांनी असे क्लेम आणलेले मी पाहिलेत. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. ती सूट वाजवण्याला आहे. तो आवाज उचलून फिल्ममध्ये वापरण्याला नाही.

उपाय इथल्या इथे होऊ शकतो. तो तुकडा कापणं, गाणं म्यूट करणं किंवा बदलणं या सोयी स्टुडिओमध्येच आहेत, आणि तसं केलं की क्लेम सुटतो. पण म्यूट करताना गाण्यावरचा संवाद बऱ्याचदा खराब होतो, म्हणून मी प्रोजेक्ट उघडून तो ट्रॅक नव्याने मिक्स करणं पसंत करतो. शूटिंगच्या वेळी प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसतं वातावरण रेकॉर्ड करून ठेवलं असेल तर हे काम सोपं जातं.

यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. म्हणून फिल्म आधी 'प्रायव्हेट' ठेवून चढवा, 'चेक्स'चा (चढवतानाच होणाऱ्या कॉपीराइट तपासणीचा) टप्पा पूर्ण होऊ द्या, मग जाहीर करा. तिथे काही सापडलं नाही म्हणजे पुढे कधीच क्लेम येणार नाही असं नाही, पण ढोबळ अडचणी घरातच कळतात.

३. फिल्म कोणाला, कशी दिसते आहे?

'अनलिस्टेड' म्हणजे गुप्त नव्हे. ज्याच्याकडे लिंक गेली तो बघू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. कलाकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली लिंक संध्याकाळपर्यंत कुठे पोचेल सांगता येत नाही. 'प्रायव्हेट' फक्त तुम्ही ईमेलने बोलावलेल्यांना दिसतं. परीक्षकांना दाखवायची तर पासवर्ड घातलेली विमिओची लिंक द्या. मूळ एक्स्पोर्ट फाइल कुणालाही पाठवू नका.

महोत्सवांचा प्रश्न इथेच सुटतो. काही महोत्सवांना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही, काहींना फरक पडत नाही. पुण्याचा पिफ, मुंबईचा मिफ, गोव्याचा इफ्फी, प्रत्येकाची त्या वर्षीची नियमावली वाचायला पैसे लागत नाहीत. पाठवायचे महोत्सव आधी ठरवा, त्यांच्या तारखा वहीत लिहा आणि शेवटच्या निकालानंतरची ऑनलाइन प्रदर्शनाची तारीखही त्याच दिवशी लिहा. ही दुसरी तारीख लिहिली नाही तर 'अजून एक महोत्सव बघू' म्हणत फिल्म हार्डडिस्कमध्येच राहते. ट्रेलर आणि पोस्टरला सहसा हरकत नसते, ते फिरवत राहा.

४. संगीताचे कागद

इथे वेळ घालवा. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं.

एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. भारतीय कायद्यानुसार, म्हणजे कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार, शब्द आणि चाल यांचा हक्क त्या-त्या निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. वर्षं मोजायची ती पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणून 'जुनं गाणं आहे, आता कोण विचारतंय' हे बरोबर नाही. गदिमा १९७७ साली गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. रेकॉर्डिंगची मुदत संपली तरी हे दोन हक्क उभे असतात.

अभंगाच्या बाबतीत हमखास घोळ होतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण ज्या चालीत तो अभंग आपल्याला पाठ आहे ती चाल अनेकदा विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बांधलेली असते. मित्राकडून नव्याने गाऊन घेतला तरी चालीचा हक्क तिथेच राहतो, आणि कंटेंट आयडी चालही ओळखू शकते. वारकरी भजनातली पारंपरिक चाल घ्या किंवा नवी बांधून घ्या. मला तर गावच्या भजनी मंडळाचा टाळ-मृदंग तिथेच, त्यांची लेखी संमती घेऊन रेकॉर्ड केलेला कुठल्याही विकतच्या ट्रॅकपेक्षा जास्त आवडतो.

'नो कॉपीराइट' म्हणून डाउनलोड केलेल्या ट्रॅकचा परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कर्त्याने अटी घालून दिलेल्या खुल्या परवान्यांत, 'एनडी' (बदल करायला मनाई) असेल तर तो ट्रॅक फिल्मखाली लावता येत नाही, कारण चित्राला संगीत जोडणं हाच त्यात बदल मानला जातो. 'एनसी' (व्यावसायिक वापराला मनाई) असेल तर जाहिरातीतून पैसे कमवायच्या फिल्मला तो चालणार नाही. 'बाय' असेल तर श्रेय द्यावंच लागतं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतल्याही काही ट्रॅकना श्रेय सक्तीचं आहे, त्यांनी दिलेला मजकूर जसाच्या तसा वर्णनात चिकटवा. ट्रॅक विकत घेतला असेल तर पावती आणि परवान्याचं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. विकतच्या ट्रॅकवरही क्लेम येतात, कारण ते कंटेंट आयडीत नोंदलेले असतात. अशा वेळी विक्रेत्याला आपल्या चॅनलची लिंक आणि पावती पाठवली की बहुतेक क्लेम निघतात.

मित्राने संगीत दिलं असेल तर कागद हवाच, मैत्री कितीही घट्ट असो. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यूट्यूब तर जगभर दिसतं. म्हणजे 'माझं संगीत वापरायला माझी हरकत नाही' एवढ्याच चिठ्ठीवर काही वर्षांनी तुमच्याच फिल्मला परकं होण्याची पाळी तुमच्यावर येऊ शकते. कुठली फिल्म, कुठला ट्रॅक, कुठली माध्यमं, जगभर, संपूर्ण मुदतीसाठी, मोबदला किती, श्रेय कसं, एवढं एका पानात मावतं.

आणि दोन गैरसमज. तीस सेकंदांपर्यंत गाणं चालतं असा कुठलाही नियम नाही. वर्णनात 'सर्व हक्क मूळ मालकाचे' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी कायद्याने ठेवलेली सवलत खरी आहे, पण प्रसंग हळवा करायला लावलेलं गाणं तिच्यात बसत नाही.

५. कथा आणि कविता कोणाची?

शाळेच्या पुस्तकातली कथा सगळ्यांची असते असं अनेकांना वाटतं. तसं नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं साहित्य आता मुक्त आहे. बालकवींचंही. बहिणाबाईंचा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आला, त्याची मुदत प्रकाशनापासून मोजली तरी २०१२ अखेर संपली. कुसुमाग्रज मात्र १९९९ साली गेले, त्यांची कविता वापरायची तर २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. हयात नसलेल्या लेखकाच्या वारसांना पत्र लिहा, पत्ता प्रकाशकाकडे मिळतो. साधं, नम्र, फिल्म विनामोबदला आहे हे स्पष्ट सांगणारं पत्र गेलं की अनेक घरांतून चांगलं उत्तर येतं. फिल्म तयार झाल्यावर विचारलं तर तेच घर दुखावतं.

'आमची कल्पना चोरली' ही तक्रार उलट बाजूने येते. कल्पनेला कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात ते स्पष्ट केलंय: विषय, कल्पना, कथासूत्र यांवर कुणाची मालकी नाही, मांडणीवर आहे. एकाकी आजोबा आणि शेजारचं मूल हा विषय कुणीही घेईल. तुमची पटकथा, संवाद, दृश्यं उचलली तर गोष्ट वेगळी. म्हणून कल्पना चोरतील या भीतीने तयार फिल्म लपवून काही साधत नाही. पटकथा मात्र शूटिंगआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा किंवा निदान स्वतःला तारखेनिशी ईमेल करून ठेवा.

६. फिल्मचा मालक कोण?

कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने ती करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. वर्गणी काढून केलेल्या फिल्ममध्ये हा कोण? गट एकत्र असतो तोवर प्रश्न पडत नाही. पुढे दिग्दर्शक आपल्या चॅनलवर टाकतो, कॅमेरामन आपल्या, आणि एकमेकांविरुद्ध तक्रारी सुरू होतात. कॉलेजच्या किंवा संस्थेच्या प्रकल्पात हक्क संस्थेकडे असू शकतो, प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद काढून बघा. कलाकारांची लेखी संमती घ्या, लहान मुलांच्या पालकांची तर नक्कीच.

७. 'आम्हाला द्या, एक्स्पोजर मिळेल'

मोठा प्रेक्षकवर्ग असलेलं चॅनल फिल्म मागतं, पैसे नसतात, प्रसिद्धीचं आश्वासन असतं. मी याच्या विरोधात नाही. पहिल्या फिल्मला हजारो डोळे मिळत असतील तर जरूर द्यावी. पण करारात 'एक्स्क्लुझिव्ह', 'कायमस्वरूपी', 'सर्व हक्क' हे शब्द असतील तर थांबा. अशी सही केली की ते चॅनल फिल्म कंटेंट आयडीत नोंदवतं, आणि स्वतःच्या चॅनलवर टाकायला गेल्यावर तुमच्याच फिल्मवर क्लेम येतो. लक्षणांच्या यादीतला तो विचित्र वाटणारा क्लेम बहुतेक इथूनच आलेला असतो. मागायचं ते एवढं: एक किंवा दोन वर्षांची मुदत, अनन्य नसलेला परवाना, श्रेयनामावली न कापता, कंटेंट आयडीत नोंद न करता, महोत्सवांत दाखवायची मोकळीक. पैसे न देणाऱ्याला एवढं मान्य नसेल तर फिल्म देऊ नका.

८. खरंच चोरी झाली असेल तर

आधी पुरावा गोळा करा: त्या व्हिडिओची लिंक, तारीख दिसणारे स्क्रीनशॉट, तुमचं मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल. कॉपीराइट फिल्म तयार होताच आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. फिल्मवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो.

मग ठरवा, काढायला लावायची की नाही. कुणी नावासकट दोन मिनिटांचा तुकडा शेअर केला असेल तर मी त्याच्याकडून तिथे पूर्ण फिल्मची लिंक टाकून घ्यायला सांगतो, प्रेक्षक वाढतात. श्रेयनामावली कापून सगळी फिल्म चढवली असेल तर दया नको. यूट्यूबच्या फॉर्मवर काढण्याची विनंती करा. समोरच्याला आपणहून काढायला सात दिवस देण्याचा पर्यायही तिथे आहे, ओळखीचा असेल तर तो वापरा. विनंतीतलं नाव समोरच्याला कळतं, आणि खोटी विनंती तुमच्याच अंगाशी येते. पूर्ण फिल्मच्या नकला शोधून देणारं यूट्यूबचं साधन फिल्म आधी कोणी चढवली हे बघतं. स्वतःच्या चॅनलवर सगळ्यात आधी चढवणं हेच त्यामुळे चोरीवरचं एक संरक्षण ठरतं.

९. क्लेमला हरकत

परवाना हातात असेल तरच हरकत घ्या. क्लेम करणाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्याने नाकारलं तर अपील, तिथे सात दिवस. अपिलानंतर त्याने व्हिडिओ काढायची विनंती केली तर स्ट्राइक लागतो. म्हणजे नुसत्या रागाच्या भरात पुढे सरकलात तर निरुपद्रवी क्लेमचा स्ट्राइक करून घ्याल. जाहिरातीचं उत्पन्न मिळत असेल तर क्लेम आल्यापासून पाच दिवसांत हरकत नोंदवा, तोवरचं आणि पुढचं उत्पन्न निकाल लागेपर्यंत राखून ठेवलं जातं.

१०. नोंदणी

कॉपीराइट ऑफिसमध्ये चित्रपटाच्या नोंदणीचं शुल्क ५,००० रुपये आहे, साहित्यकृतीचं ५००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची वाट असते. नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. दहा मिनिटांच्या हौशी फिल्मसाठी मी ५,००० खर्च करा म्हणत नाही, पटकथेसाठी ५०० करा म्हणतो. फिल्म विकली जाण्याची बोलणी सुरू असतील तर दोन्ही करा.

इथे थांबा, वकील गाठा

- स्ट्राइकवर प्रतिनोटीस, म्हणजे काढलेला व्हिडिओ परत लावण्याची कायदेशीर मागणी, द्यायची वेळ आली. त्यात स्वतःचं नाव, पत्ता देऊन कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं, आणि समोरच्याला दावा दाखल करायला कामकाजाचे दहा दिवस मिळतात.
- दुसरा स्ट्राइक लागला.
- वकिलाची नोटीस आली. व्हॉट्सअॅपवर माफी, खुलासा, शिव्या काहीही पाठवू नका. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, त्यामुळे तुमचं एखादं वाक्यही महाग पडू शकतं.
- तुमची फिल्म कुणी जाहिरातीत, ओटीटीवर किंवा टीव्हीवर वापरली.
- कथेच्या वारसांशी किंवा सहनिर्मात्याशी मालकीवरून वाद पेटला.
- सगळे हक्क कायमचे देणारा करार सहीसाठी समोर आला.

कॉपीराइटचं काम करणारा वकील बघा, जमिनीच्या दाव्यांचा नव्हे. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक तिथे मोफत मदतीला पात्र असतात. जाताना आलेले सगळे ईमेल, संगीताचे परवाने, सहीचे कागद, पटकथेचा तारखेचा पुरावा आणि मूळ फुटेजची ड्राइव्ह सोबत न्या. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढा आणि मूळ प्रती घरीच ठेवा.